आधी ग्रीन, मग टी : गोल्फचा चेंडू निवडण्याविषयी

गोल्फच्या बॅगेत जास्तीत जास्त चौदा स्टिक ठेवता येतात. त्यांतली ड्रायव्हर सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत लाडकी, पण अठरा होलच्या राउंडमध्ये ती साधारण चौदा वेळाच बाहेर निघते. पटर तीस-पस्तीस वेळा हातात येतो. मधल्या कित्येक स्टिकच्या वाट्याला दोन-तीन फटके येतात, एखादीच्या वाट्याला एकही येत नाही. चेंडू मात्र पहिल्या टीपासून अठराव्या होलच्या तळापर्यंत प्रत्येक फटक्यात असतो. असे असूनही आपल्याकडचा हौशी खेळाडू ड्रायव्हर घ्यायचा म्हटले की चार दुकाने हिंडतो, मित्रांच्या स्टिक मागून घेऊन मारून बघतो, शाफ्ट कडक हवा की लवचीक यावर तासभर वाद घालतो, आणि चेंडूचा विषय निघाला की म्हणतो, "असेल तो चालेल." मग बॅगेच्या कप्प्यात निरनिराळ्या कंपन्यांचे चेंडू साठत जातात. काही भेट आलेले, काही रफमध्ये सापडलेले, काही कॅडीकडून स्वस्तात घेतलेले. एका होलला एक खेळायचा, तो हरवला की पुढच्या होलला हाताला लागेल तो.

"असेल तो चालेल" या सवयीच्या विरोधात ही पुस्तिका लिहिली आहे. खारघरला सिडकोचे मैदान झाल्यापासून क्लबाचे सभासदत्व नसलेली माणसेही मुंबईजवळ गोल्फ खेळू लागली. अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचा, आणि पुण्याच्या उदयन मानेला टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळताना आपण पाहिले. मराठी घरांत या खेळाची चौकशी वाढली आहे. पण चेंडूविषयीची माहिती मराठीत जवळजवळ नाही. इंग्रजीत जी आहे तिचा मोठा भाग चेंडू विकणाऱ्यांनी लिहिलेला आहे, आणि त्यात दर वर्षी नवा चेंडू मागच्या वर्षीच्या चेंडूपेक्षा लांब जातो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. चेंडू निवडताना बहुतेक जण टीवर उभे राहून विचार करतात, कुठला लांब जाईल? विचार उलट्या दिशेने करायला हवा. ग्रीनवर उभे राहा आणि तिथून एकेक पाऊल मागे या. पटिंगला कोणता चेंडू हाताला बरा वाटतो, वीस यार्डांवरून चिप केल्यावर कोणता मनाजोगा थांबतो, वेजने मारलेला कोणता ग्रीन धरतो, हे आधी पाहा. ड्रायव्हरचा नंबर सगळ्यांत शेवटी. आणि एकदा चेंडू ठरला की तो सोडू नका. या दोन गोष्टींपैकी दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते.

चेंडू बदलला की खेळ किती बदलतो हे पाहायला स्कॉटलंडच्या इतिहासात जावे लागते. सेंट अँड्र्यूजला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चेंडू कातड्याचा असे. कातड्याचे तुकडे शिवून लहान पिशवी करायची, एक बारीक भोक ठेवायचे आणि उकळून मऊ केलेली पिसे त्यातून सळईने ठासत राहायची. एका चेंडूत उंच साहेबी टोपी भरेल इतकी पिसे जात. ओले कातडे वाळताना आकसे, ओली पिसे वाळताना फुलत, आणि दोन्हींच्या ताणातून चेंडू टणक होई. निष्णात कारागिराच्या हातूनही दिवसाला तीन-चार चेंडूंपेक्षा जास्त होत नसत. पावसात भिजला की तो जड व्हायचा, शिवण उसवली की संपला. एका चेंडूची किंमत कधी कधी स्टिकच्या किमतीएवढी असे, त्यामुळे नियमित गोल्फ खेळणे हे पैसेवाल्यांचेच काम होते.

या चेंडूंचा सर्वांत नामांकित कारागीर ॲलन रॉबर्टसन. त्या काळचा सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही त्याचेच नाव घेत. त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस नावाचा तरुण काम शिकला. 1848 च्या सुमारास गुट्टा-पर्चाचे चेंडू आले. मलायाकडच्या एका झाडाचा हा चीक, गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की कडक. हा चेंडू पहिल्यांदा कुणी केला याची एक आख्यायिका आपल्याला जवळची वाटेल अशी आहे. सेंट अँड्र्यूजच्या पॅटर्सन कुटुंबाकडे पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली, ती फुटू नये म्हणून तिच्याभोवती गुट्टा-पर्चा भरला होता, आणि धर्मशास्त्र शिकणाऱ्या रॉबर्ट पॅटर्सनने तो तापवून, वळून त्याचा चेंडू केला, असे सांगतात. कथा पूर्ण खरी असो वा नसो, नव्या चेंडूची किंमत जुन्याच्या मानाने अगदीच कमी होती, तो भिजत नव्हता आणि चेपला तर गरम पाण्यात टाकून पुन्हा वळता येत होता.

रॉबर्टसनला आपला धंदा बुडताना दिसला. सापडतील तितके गुट्टाचे चेंडू विकत घेऊन तो जाळत असे, असे सांगितले जाते. एका सामन्यात मॉरिसजवळचे पिसांचे चेंडू संपले, जोडीदाराने दिलेला गुट्टा त्याने खेळायला घेतला, आणि ते रॉबर्टसनच्या कानावर गेले. गुरु-शिष्यांचे फाटले. मॉरिस 1851 मध्ये प्रेस्टविकला गेला, आणि त्याच प्रेस्टविकला 1860 मध्ये पहिली ओपन स्पर्धा झाली. मला या गोष्टीत भांडणापेक्षा त्यानंतरची घडामोड मोठी वाटते. स्वस्त चेंडूमुळे कारकून, दुकानदार, सुतार, विणकर अशी माणसे मैदानावर सहज येऊ लागली. कोण खेळू शकेल हे चेंडूच्या किमतीवर ठरत होते. आजही काही प्रमाणात ठरते, म्हणून या पुस्तिकेत स्वस्त चेंडूंना मी महागड्यांइतकीच जागा दिली आहे.

नवा गुट्टा अगदी गुळगुळीत असे आणि मारला की थोडा उडून पटकन खाली पडे. तोच चेंडू आठ-पंधरा दिवस खेळून स्टिकच्या घावांनी खरबरीत झाला की लांब आणि सरळ जाई. खेळाडूंना कारण कळत नव्हते, अनुभव मात्र पक्का होता. मग कारागीर नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने खुणा पाडू लागले. पुढे साच्यातूनच नक्षी येऊ लागली, आणि 1905 मध्ये विल्यम टेलर या इंग्लिश अभियंत्याने आज आपण डिंपल म्हणतो तशा आत गेलेल्या खळ्यांचे पेटंट घेतले. दरम्यान एडिंबराचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पीटर टेट यांनी 1890 च्या दशकात गणिताने दाखवून दिले की चेंडू हवेत टिकतो तो त्याच्या उलट्या फिरकीमुळे. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट ब्रिटनचा हौशी विजेता, 1896 आणि 1898 असे दोनदा. बाप कागदावर चेंडू उडवत होता आणि मुलगा मैदानावर, हे चित्र मला फार आवडते.

डिंपलचे काम इथेच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणांचा तो पाया आहे. ओढ्याच्या धारेत मोठा दगड असला की त्याच्या मागच्या बाजूला पाणी घोटाळते. उडत्या चेंडूमागे हवेचे तसेच होते, आणि तो घोटाळा जितका रुंद तितका चेंडू मागे ओढला जातो. खळ्यांमुळे पृष्ठभागालगतची हवा ढवळली जाते, ती चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, मागचा पट्टा अरुंद होतो आणि ओढ जवळजवळ निम्म्यावर येते. शिवाय चेंडू मागच्या बाजूला फिरत असेल तर हवा खाली लोटली जाते आणि चेंडू वर उचलला जातो. म्हणूनच खळ्या नसलेला चेंडू त्याच फटक्याला निम्मेच अंतर जाईल. आजच्या चेंडूंवर साधारण तीनशे ते चारशे डिंपल असतात, खोली मिलिमीटरच्या पाव भागाएवढी. म्हणून त्यांत चिखल बसला किंवा रंगाचा जास्तीचा थर चढला तर उड्डाण बदलते. होल सुरू करण्यापूर्वी चेंडू पुसणे हा देखाव्याचा भाग नाही.

गुट्टाचे राज्य पन्नास वर्षे टिकले. 1898 मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केलने ताणलेल्या रबरी दोऱ्याची गुंडाळी करून चेंडू बनवला. 1902 ची ओपन हॉयलेकला सँडी हर्डने हाच चेंडू खेळून जिंकली, आणि गुट्टा संपला. गुंडाळीच्या चेंडूंचा काळ पुढे जवळजवळ शंभर वर्षे चालला. चांगले खेळाडू मऊ बलाटाच्या कव्हरचा गुंडाळी चेंडू घेत, जो ग्रीनवर थांबे पण चुकीच्या फटक्याने कापला जाई. हौशी खेळाडू सर्लिन कव्हरचा टणक दोन थरांचा चेंडू घेत, जो लांब जाई, टिके, पण ग्रीनवरून पळे. लांबी हवी की ताबा, दोन्हींतले एकच मिळणार अशी ती निवड होती. ती कोंडी 2000 मध्ये फुटली. त्या वर्षीच्या मे महिन्यात टायगर वूड्सने भरीव गाभ्याचा, अनेक थरांचा चेंडू खेळायला घेतला आणि जूनमध्ये पेबल बीचची यूएस ओपन पंधरा फटक्यांनी जिंकली. ऑक्टोबरात लास वेगासच्या स्पर्धेत टायटलिस्टचा तशाच बांधणीचा चेंडू, प्रो व्ही1, पहिल्यांदा आला. त्याच आठवड्यात सत्तेचाळीस खेळाडूंनी तो घेतला आणि बिली अँड्राडेने तो खेळून स्पर्धाही जिंकली. थोड्याच काळात गुंडाळीचा चेंडू व्यावसायिक गोल्फमधून नाहीसा झाला.

आज दुकानात जे दिसते ते त्या बदलाचे फळ आहे. थर दोन असोत, तीन असोत किंवा टेलरमेडच्या टीपी5 प्रमाणे पाच असोत, खरेदी करणाऱ्याने सर्वांत आधी विचारायचा प्रश्न एकच: कव्हर कशाचे आहे? सर्लिनसारख्या आयोनोमरचे की युरेथेनचे? युरेथेन मऊ असते, वेजच्या खाचांत ते रुतते आणि चेंडू जोराने उलटा फिरतो. आयोनोमर खाचांवरून थोडे घसरते, चेंडू उंच निघतो, फिरकी कमी घेतो आणि टप्पा पडल्यावर पुढे धावतो. ड्रायव्हरच्या फटक्यात या दोन कव्हरांमधला फरक फारसा कळत नाही. चाळीस-पन्नास यार्डांच्या पिचमध्ये मात्र तो मिनिटाला हजार-दोन हजार फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि तो फिरकी मोजण्याच्या यंत्राशिवाय नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. ग्रीनपासून सुरुवात करा असे मी म्हणतो ते याच कारणासाठी. टीवर चांगले चेंडू एकमेकांच्या जवळपास असतात, ग्रीनभोवती ते वेगळे होतात.

टीवर ते जवळपास का असतात याचे उत्तर नियमांत आहे. चेंडूचे वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नको. ब्रिटनच्या परंपरेत 41.15 मिलिमीटरचा लहान चेंडूही चाले. तो वाऱ्यात बरा जाई, आणि 1990 पासून बंद झाला. याखेरीज यंत्राने ठरावीक वेगाने मारल्यावर चेंडू ठरावीक अंतरापुढे जाता कामा नये असाही नियम आहे. यूएसजीए आणि आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी डिसेंबर 2023 मध्ये त्या चाचणीतला स्टिकचा वेग ताशी 120 मैलांवरून 125 करण्याचे जाहीर केले. अंतराची मर्यादा तीच राहणार, म्हणजे आजचे बरेचसे लांब जाणारे चेंडू नव्या चाचणीत बसणार नाहीत. सर्वांत लांब मारणाऱ्यांचे तेरा ते पंधरा यार्ड कमी होतील आणि बहुतेक हौशी खेळाडूंचे पाच किंवा त्याहून कमी, असा त्यांचा अंदाज आहे. त्या पाच यार्डांसाठी आजच साठा करून ठेवणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की शंभर यार्डांच्या आत तुमचे किती फटके जातात ते एकदा मोजा.

आता कॉम्प्रेशन. चेंडू दाबला की किती चेपतो याचे हे मोजमाप. आकडा लहान तितका चेंडू मऊ. कॅलवेच्या सुपरसॉफ्टचा आकडा चाळिसाच्या आसपास, तर व्यावसायिक खेळतात ते चेंडू नव्वदीत किंवा शंभरीत. यावरून एक समज आपल्या क्लबांत घट्ट बसला आहे की स्विंग मंद असेल तर कडक चेंडू 'चेपता' येत नाही, म्हणून मऊच घ्यावा. हा समज चुकीचा आहे. स्टिक आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा वेळ टिकते आणि त्या वेळात प्रत्येक चेंडू, प्रत्येकाच्या हातून, चेपतोच. कडक चेंडू बहुधा थोडा जास्त वेगाने निघतो. वेगवान स्विंगला हा फरक जाणवतो, मंद स्विंगला जवळजवळ नाही. मग मऊ चेंडू घ्यायचाच नाही का? अवश्य घ्या, पण हाताला बरा वाटतो म्हणून घ्या. पटरवर त्याचा आवाज मऊ येतो, कित्येकांना त्यामुळे पटचा जोर नीट उमगतो, आणि एवढे कारण पुरेसे आहे. लांबीच्या आशेने मात्र घेऊ नका.

मंद स्विंगच्या खेळाडूंना आणखी एक सल्ला चुकीचा मिळतो, तो म्हणजे कमीत कमी फिरकीचा चेंडू घ्यायचा. ताशी 110 मैलांच्या स्विंगला ड्रायव्हरवर कमी फिरकी लाभते, कारण तिथे चेंडू नको तितका वर चढण्याची भीती असते. ताशी 75 मैलांच्या स्विंगमध्ये चेंडूला वर धरून ठेवायला तीच फिरकी लागते. ती काढून घेतली तर चेंडू उंची गाठण्यापूर्वीच खाली येतो. आपल्याकडचे बहुतेक ज्येष्ठ खेळाडू आणि बऱ्याच महिला या वेगाच्या आसपास खेळतात. त्यांनी उंच निघणारा आणि हवेत टिकणारा चेंडू शोधावा. 'लेडीज' असा शिक्का मारलेला गुलाबी डबा हा शोध नव्हे. चेंडूला खेळाडू बाई आहे की पुरुष हे कळत नाही, त्याला फक्त वेग, कोन आणि फिरकी कळते. ताशी 90 मैलांनी मारणाऱ्या बाईंना मऊ चेंडूच घ्या असे सांगणाऱ्या दुकानदाराने त्यांना एक तरी प्रश्न विचारला आहे का, हे पाहावे.

स्लाइस मारणाऱ्यांसाठी कमी फिरकीचे चेंडू विकले जातात आणि ते खरोखर थोडे कमी वळतात. पण त्याची किंमत ग्रीनजवळ मोजावी लागते. माझे मत स्पष्ट आहे: स्लाइसचे औषध प्रशिक्षकाकडे आहे, चेंडूत नाही. हुकचेही तसेच.

महाराष्ट्रात खेळणाऱ्यांसाठी काही गोष्टी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत, म्हणून त्यांच्यावर एक वेगळे प्रकरण आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. हवा थोडी विरळ, म्हणून तोच फटका चेंबूरपेक्षा येरवड्याला साधारण दोन टक्के लांब जातो, म्हणजे दोनशे यार्डांना चारेक यार्ड. मुंबईचा खेळाडू पुण्याला येऊन मित्राचा चेंडू खेळतो आणि "हा लांब जातो" म्हणत तोच विकत घेतो, तेव्हा बऱ्याचदा तो डेक्कनच्या हवेचे पैसे देत असतो. एप्रिल-मेच्या उन्हात गरम हवा विरळ असते आणि उबदार चेंडू जास्त उसळतो, त्यामुळे तेव्हाही अंतर वाढते. मात्र चेंडू मुद्दाम तापवून खेळणे नियमात बसत नाही. नियम 4.2 प्रमाणे त्याला थेट बाद ठरवण्याची शिक्षा आहे. गाडीच्या डिकीत महिनोन् महिने उन्हात पडलेले चेंडूही चांगले राहत नाहीत. घरात, सावलीत ठेवा.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. जूनपासून मुंबईचे ग्रीन इतके मऊ होतात की कुठलाही चेंडू पडल्या जागी रुततो. ओल्या गवतातून मारताना स्टिक आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी येते आणि महागड्या युरेथेनचीही फिरकी घटते. फेअरवेवर चेंडू धावत नाही, त्यामुळे हवेतले अंतर तेवढे हाती राहते. म्हणून चेंडूची परीक्षा पावसाळ्यात घेऊ नये. ती जानेवारी ते मे या काळात, कोरड्या, टणक ग्रीनवर घ्यावी. तिथे जो चेंडू थांबतो तो श्रावणातही थांबेल, उलटे खरे नाही. रंगाबाबतही ऋतू पाहावा. हिरव्यागार पावसाळी रफमध्ये पांढरा चेंडू छान दिसतो. फेब्रुवारीत गवत पिवळे पडून पानगळ झाली की पिवळा चेंडू हरवतो, तेव्हा भडक नारिंगी किंवा गुलाबी बरा. रंगामुळे उड्डाणात फरक पडत नाही.

तळ्यातून काढलेल्या चेंडूंबद्दल मला फार जपून लिहावे लागले, कारण कित्येक कॅडींच्या घरखर्चात त्या विक्रीचा वाटा असतो आणि नवशिक्या खेळाडूला तो मोठा आधारही असतो. जो दर राउंडला पाच-सहा चेंडू हरवतो त्याने नवे, डझनाला काही हजार रुपयांचे चेंडू घेणे मला पटत नाही. त्याने सापडलेले चेंडू निःशंक घ्यावेत, फक्त पारखून. कव्हरला चीर नको, पाण्याने पिवळट पडलेला नको, आणि नव्याने रंगवलेला तर मुळीच नको. रंगवलेल्या चेंडूच्या खळ्या बुजलेल्या असतात आणि आतला गाभा किती दिवस पाण्यात होता हे रंगाखाली झाकले जाते. कॅडीला सांगून ठेवले तर तो एकाच मॉडेलचे चेंडू वेगळे काढून ठेवतो. या कामात त्याच्याइतका जाणकार दुसरा मिळणार नाही. तुमचा चेंडू ग्रीनवर पडल्यावर किती धावतो हे तुमच्यापेक्षा त्याने जास्त वेळा पाहिलेले असते, म्हणून चेंडू ठरवण्यापूर्वी त्याचे मत जरूर घ्या.

प्रत्यक्ष निवड कशी करायची याचे सविस्तर वर्णन शेवटच्या प्रकरणात आहे. त्याचा गाभा इथे देतो. तीन मॉडेल निवडा, त्यांतले निदान एक युरेथेनचे आणि एक आयोनोमरचे असू द्या. प्रत्येकाची एक स्लीव्ह, म्हणजे तीन चेंडू, पुरे. वारा पडलेल्या एका सकाळी सराव-ग्रीनवर जा. आधी लांब आणि जवळचे पट मारा आणि कोणत्या चेंडूचा आवाज व स्पर्श आवडतो ते ठरवा. मग वीस यार्डांवरून चिप करा आणि टप्प्यापासून चेंडू किती पावले धावला ते वहीत लिहा. पुढे पन्नास यार्ड, मग पूर्ण वेज, मग सात नंबरची आयर्न. प्रत्येक ठिकाणी तिन्ही चेंडू आळीपाळीने मारा, नाहीतर हात गरम झाल्यानंतर मारलेला चेंडू उगाच चांगला वाटतो. सर्वांत लांब गेलेला एखादा फटका लक्षात ठेवू नका, सगळे फटके किती जवळजवळ पडले ते पाहा. इथवर बहुतेकांचा कौल लागलेला असतो. ड्रायव्हर नंतर मारा आणि निवडलेला चेंडू तिथे फारच मागे पडतोय का एवढेच बघा. बहुधा पडत नाही.

युरेथेनचा चेंडू जिंकला पण खिशाला झेपत नसेल, तर आयोनोमरचा घ्या आणि वाईट वाटून घेऊ नका. तो पुढे धावतो हे एकदा माहीत झाले की टप्पा अलीकडे टाकायला शिकता येते. श्रिक्सन एडी333 सारखे दोन थरांचे चेंडू घेऊन उत्तम खेळणारी माणसे आहेत. ज्याची सवय लावून घेता येत नाही तो म्हणजे दर होलला बदलणारा चेंडू. आज पाच पावले धावला, उद्या दुसऱ्या कंपनीचा अकरा पावले धावला, तर हाताने लक्षात काय ठेवायचे? दोन होलच्या मध्ये चेंडू बदलायला हौशी खेळात नियमाची आडकाठी नाही. वरच्या दर्जाच्या स्पर्धांत मात्र पूर्ण राउंड एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलने खेळण्याचा स्थानिक नियम लावता येतो. ती शिस्त कुणी लावली नाही तरी आपण होऊन पाळण्यासारखी आहे.

तेव्हा वाचकांना विनंती आहे. परीक्षा संपली की निवडलेल्या मॉडेलचे दोन डझन चेंडू एकदम घ्या, प्रत्येकावर स्वतःची खूण करा आणि बॅगेतले बाकीचे सगळे चेंडू कॅडीला किंवा शिकणाऱ्या मुलांना देऊन टाका. निदान सहा महिने दुसरा चेंडू टीवर ठेवू नका.